नानांचा अर्ज

काल रात्रीपासून एक ओळ डोक्यातून जात नाहीये. माझीच ओळ, नानांनी काढायला लावलेली.

वादळात नानांची मृगबाग गेली, मृगाच्या पावसावर लावलेली केळी. घड कापणीला आलेले होते. विम्यासाठी नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, ते धाकट्याने मोबाइलवरून कळवलंही होतं. पण नानांना हातात कागद हवा होता, पोच घेतलेला, शिक्का असलेला. म्हणाले, "बाई, तू आता घरी लिहायलेच बसते ना, मग एवढं लिहून दे."

मी मन लावून लिहिलं. बांधावरून जे पाहिलं होतं ते ओळीत उतरलं: वर्षभर उभी असलेली बाग एका रात्रीत एकाच अंगावर निजली. नानांनी चष्मा लावून वाचलं. "हे काढ. गट नंबर टाक, खोडं किती ते टाक, घड किती महिन्यांचे ते टाक. सायबाला काय करायचं बाग कशी निजली ते?"

काढलं. मग अर्ज झरझर झाला. ऑफिसात मुरलेला हात, 'उपरोक्त विषयास अनुसरून' आपोआप उमटतं. नाना समाधानाने गेले आणि मला झोप लागेना.

वाईट कशाचं वाटलं? ओळ गेल्याचं नाही. अर्जात तिची जागा नव्हती, वहीत आहे ती. वाईट याचं की नोकरी सोडल्यापासून घरात, गल्लीत कुणी माझ्याकडे काही लिहून मागितलं तर ते हेच. अर्ज, पतसंस्थेला पत्र, पत्रिकेचा मजकूर, कुणाच्या निवृत्तीचं मानपत्र. कथा कुणी मागत नाही. दिवाळी अंकात कथा आली की जाऊबाई विचारतात, "किती दिले?" मी आकडा सांगत नाही. घरात त्या आकड्यावरून जे बोलणं होतं ते... राहू दे.

ऑफिसात रिटर्न भरताना १९६१च्या आयकर कायद्यातलं एक कलम मला आवडायचं. ८०-क्यूक्यूबी. लेखकाला पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट. आमच्याकडे केळीचे व्यापारी यायचे, सोनार, डॉक्टर. ते कलम लावायची वेळ कधी आली नाही. पण कायद्यात लिहून ठेवलंय म्हणजे अशी माणसं कुठेतरी आहेत, लिहून जगणारी, असं वाटायचं आणि दिवस बरा जायचा. आता मी त्या माणसांत येऊ पाहतेय, तर इथे सगळ्यांना माझा ऑफिसातलाच हात हवाय.

भाऊ नेहमी म्हणतो, "बहिणाबाईंनी कुठे नोकरी सोडली होती? शेतात राबतच झालं ना सगळं?" मी गप्प बसते. आज पहाटे उत्तर सुचलं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या तोंडातून निघायचं आणि मुलगा सोपानदेव, घरातली माणसं ते लिहून घ्यायची. त्या १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये आलं. कागदावर उतरवून घेणारं कुणी नसतं तर ते आसोद्या-जळगावच्या शिवारातच विरलं असतं. कुणीतरी बसून लिहून घेतलं, भाऊ. वेळ काढून.

हे मनात आलं आणि कालचंच नानांचं बोलणं आठवलं. लागवड कधीची, असं विचारलं तर त्यांनी तारीख नाही सांगितली. म्हणाले, "तुझी काकू दवाखान्यात होती ना, पहिला पाऊस झाला होता, मी रात्री तिच्यापाशी आणि दिवसा रोपं लावायला. तेव्हाची." बोलता बोलता थांबले. मी अर्जात लिहिलं, 'जून'. बाकीचं साहेबांना नको होतं, आणि ते सांगायलाही नाना कुणाकडे जाणार नव्हते. अर्जाच्या निमित्तानेच माझ्यासमोर बसले.

हे एवढं कळल्यावर जरा मोकळं वाटलं. कथा मागायला कुणी येणार नाहीच. नानांना कुठे ठाऊक होतं ते काय देऊन गेले.

सकाळी नानांच्या बांधाला लागून ज्यांचा मळा आहे ते आले, त्यांचाही अर्ज करायचाय. चहा टाकला आणि कोऱ्या कागदासोबत माझी वहीही घेऊन बसले. पार दुपार झाली. आकाशवाणीचं स्क्रिप्ट सोमवारी द्यायचंय, ते तसंच राहिलं. आज रात्री बसेन.