बोअर घेण्याआधीची तयारी

यंदा पावसाळ्याआधी सिन्नरच्या मळ्यात बोअर घ्यायचं ठरलंय. अण्णांचा भरवसा पाणाड्याच्या (जमिनीतलं पाणी सांगणाऱ्याच्या) नारळावर, माझा शेजारच्या जुन्या विहिरीवर. उन्हाळ्यात तिच्या कडा उघड्या पडल्या की सगळं दिसतं: वर मुरूम, मग मांजऱ्या (बारीक छिद्रांचा खडक), मध्ये गेरूचा लाल पट्टा, खाली काळा फत्तर. ओल दिसते ती पट्ट्याच्या वरच. अखंड काळ्या पाषाणात पाणी नसतंच. ते भेगांत आणि थरांच्या सांध्यांत असतं. त्यामुळे ‘अजून शंभर फूट मारा, लागेल’ हे बोअरवाल्या एजंटचं पालुपद मला पटत नाही. पैसे फुटामागे मिळतात त्याला!

शिवाय २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा (सुमारे १९७ फूट) जास्त खोदाई म्हणजे खोल विहीर, आणि अधिसूचित क्षेत्रात तिला बंदी. आम्ही १९० फुटांवर थांबणार, हे आधीच बजावलंय.

केसिंगचा, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायच्या पाइपाचा, दर वेगळा ठरवायचा. ते मुरूम ओलांडून पक्क्या खडकात बसायला हवं, नाहीतर माती ढासळून मोटार अडकते. बोअरच्या गाडीसाठी बांध थोडा फोडावा लागेल. जागा विजेच्या तारांपासून लांब धरलीय. दर दहा फुटांना निघणारा चुरा ओळीने मांडायला जुनी पोती काढून ठेवलीत. त्यावर खोलीचे आकडे खडूने मी स्वतः लिहिणार.