टाकळीच्या पुलावर भेटलेली भीमा

2024 चा मे. उजनी धरण मायनसमध्ये गेलेलं, म्हणजे तळाचा मृत साठा तेवढा उरलेला, सोलापुरात घरी पाच दिवसांनी नळ, आणि त्यात विजापूरला मावशीकडं जायचं ठरलं. हत्तूर, वडकबाळला सीनेचा पूल, मंद्रूप, तेरामैल, सगळं झपाझप मागं गेलं. भीमेकाठचं टाकळी आलं तसं आप्पा म्हणाले, "थांबीव की जरा." पुलाच्या अलीकडं गाडी कडेला लावली आणि चालत गेलो.

खाली नदीच नव्हती. वाळू, मधेच हिरवट डबकी, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाईप लांबपर्यंत पसरलेले आणि टोकाला नुसता चिखल. खांबांवर जुन्या पुरांच्या मातकट रेघा पार वरपर्यंत. ट्रक गेला की पायाखालचा स्लॅब थरथरायचा, जोडावर खडखड व्हायची. उन्हानं काँक्रीट फुगतं म्हणून मधे फट ठेवतात, हे माहीत असूनही मी कठडा घट्ट धरून उभा होतो. आप्पा काही बोललेच नाहीत.

विजापुरात दोन दिवस. गोलघुमट, मावशीच्या हातची कडक भाकरी आणि झोप.

परत येताना धुळखेड मागं टाकलं आणि पुलाजवळ चार माणसं खाली बघत उभी दिसली, कुणी न सांगताच मी गाडी थांबवली. पाणी आलं होतं! उजनीतून सोडलेलं पाणी नदीतनं इथं यायला तेव्हा आठ-दहा दिवस लागायचे, वाटेत मोटारींनी उपसू नये म्हणून तोवर काठावरची वीज तोडायचे, तिथल्या उसाचे हाल व्हायचे, ते सगळं आमच्या शहरासाठी, आणि ते पाणी आता आमच्या डोळ्यांसमोर वाळूत जीभ काढल्यासारखं हळूहळू सरकत होतं. पुढं फेस, काटक्या, सुकलेली पानं. एक डबकं भरलं की थांबायचं, मग पुढच्याकडं निघायचं. शेजारचे धनगर आजोबा हात जोडून म्हणाले, "नीर बंतु री, नीर बंतु." कन्नडमध्ये, पाणी आलं हो, पाणी आलं. आप्पांनी चपला काढल्या. तापलेल्या पुलावर अनवाणी उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले.

तेवढ्यात एक गाडी स्लो झाली, काच खाली गेली आणि निर्माल्याची पिशवी गाठ मारलेली तशीच्या तशी भिरकावली. अगदी त्या पाण्याच्या तोंडावर पडली. मी ओरडलो, पण गाडी केव्हाच निघून गेली होती. अहो, श्रद्धा आहे ना, मग पिशवी सोडून फुलं झाडाच्या बुडाशी घाला की! हेच पाणी औजच्या बंधाऱ्यात साठतं, टाकळीतनं उपसतात, आणि आपणच पितो. माझा जीव नुसता जळत होता.

आप्पा म्हणाले, "चल, उतरू." बाजूच्या पायवाटेनं खाली गेलो. वाळू इतकी गरम की बुटातून चटका बसत होता. पाणी सरकत सरकत जवळ आलं होतं. काठीनं पिशवी ओढून घेतली, आत झेंडू, नारळाची शेंडी, अगरबत्तीचं रिकामं पाकीट. आप्पांनी वाकून ओंजळभर गढूळ पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, परत नदीतच सोडलं.

पिशवी डिकीत टाकून सोलापूरला आणली. नळ परवा येणार होता.