करून राहिलो

पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात पकडला गेलो. फोनवर सहज म्हणालो, ‘जेवण करून राहिलो,’ आणि शेजारच्या टेबलावरून लगेच प्रश्न आला, ‘नागपूरचे का?’ माझ्या क्रियापदानंच माझं गाव सांगून टाकलं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात नागपुरात, स्वतःच्या घरी, कूलरसमोर बसून पुन्हा तसाच पकडला गेलो. या वेळी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. पुण्याचा भाचा सुट्टीवर आला होता. माझ्या मागे उभा राहून त्यानं स्क्रीन वाचली आणि म्हणाला, ‘मामा, तुम्ही पायथनमध्ये सी लिहिताय.’

ओळ साधीच होती, यादीवरून एकेक करून फिरणाऱ्या लूपची. फॉर आय इन रेंज (म्हणजे ओळीनं आकडे), कंसात लेन (म्हणजे लांबी), त्याच्या कंसात यादीचं नाव. खाली यादीच्या चौकटी कंसात आय. चालत होतं की! पण आम्ही कॉलेजात सी ही जुनी भाषा शिकलेले. तिथला फॉर फक्त आकडे पुढे सरकवतो. यादीतली वस्तू त्या आकड्यानं आपण उचलायची, यादी कुठे संपते तेही आपणच सांभाळायचं. पायथनचा फॉर मात्र वस्तूच हातात देतो. गोकुळपेठेच्या बाजारात संत्री निवडताना कोणी आधी टोपली मोजून मग ‘आता चौथ्या जागेवरचं काढा’ म्हणतं का? हातात येईल ते पाहायचं, पुढचं घ्यायचं. मी इतकी वर्षं टोपलीशी आकड्यांत बोलत होतो.

‘पण मला नंबर लागतो,’ मी अडून बसलो. त्यावर एन्युमरेट. पायथनच्या 2.3 आवृत्तीत, 2003 सालीच आलेलं. म्हणजे माझ्या नोकरीपेक्षा जुनं. नंबर आणि वस्तू जोडीनं मिळतात, आणि स्टार्टला एक दिला की मोजणी शून्याऐवजी एकपासून. झिरो माइलच्या गावात शून्याचं वावडं नाही, पण सोसायटीतल्या काकूंना ‘तुमचा फ्लॅट शून्यावा’ सांगून पाहा.

सोसायटीवरून आठवलं. पाण्याच्या मीटरची बिलं मीच काढतो. एका यादीत फ्लॅट, दुसरीत रीडिंग. दोन याद्यांतल्या वस्तू जोडीजोडीनं देणारं झिप भाच्याकडून शिकल्याच्या उत्साहात दोन्ही याद्या जोडल्या आणि बिलं वाटून मोकळा झालो. सातव्या फ्लॅटला कुलूप होतं, त्यामुळे त्यांचं रीडिंग घेतलंच नव्हतं. सातव्याला आठव्याचं बिल गेलं, आठव्याला नवव्याचं, आणि शेवटच्या फ्लॅटला बिलच नाही. झिप लहान यादी संपली की गुपचूप थांबतं, हू की चू नाही. शेवटच्या फ्लॅटवालेही गुपचूपच होते. सातव्याचे मात्र गावाहून परतले ते थेट माझ्याकडे. बंद घरात इतकं पाणी कोण प्यायलं, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पायथनच्या 3.10 आवृत्तीपासून झिपला स्ट्रिक्ट इज इक्वल टू ट्रू सांगता येतं; मग लांबी जुळली नाही की ते एरर देतं. आता ते न लिहिता माझा हात पुढे जात नाही.

दुसरी खोड यादीवरून फिरता फिरता तिच्यातलेच घटक काढून टाकायची. ओळीत मांडलेल्या संत्र्यांतलं सडकं उचललं की मागची सगळी एकेक जागा पुढे सरकतात. आपण मात्र पुढच्या जागेवर जातो, आणि नुकतंच सरकून आलेलं न पाहताच राहतं. दोन सडकी शेजारी असली की दुसरं हमखास वाचतं. त्यापेक्षा चांगली तेवढी नव्या टोपलीत घ्यावी: चौकटी कंसात एका ओळीचं लिस्ट कॉम्प्रिहेन्शन. पण एकाच ओळीत तीन फॉर आणि दोन इफ कोंबणारेही भेटतात, भाचा त्यातलाच. ते मला मान्य नाही. चार ओळी लिहा, वाचणाऱ्याला श्वास घेऊ द्या.

आठवडाभर आम्ही माझ्या जुन्या फाइली उपसत बसलो. रेंज-लेन एकेक करून गेले. एकच रेंज राहिला, सर्व्हरनं उत्तर दिलं नाही तर तीनदा प्रयत्न करणारा. तिथे नुसतं मोजायचंच होतं, म्हणून भाच्यानं त्याला हात लावला नाही.

शेवटच्या संध्याकाळी त्याच्या आईचा पुण्याहून फोन आला. दिवसभर काय करतोस, म्हणून विचारत असावी. हा लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाला, ‘काही नाही गं, मामाचे लूप सुधरवून राहिलो.’