थंडाईचा दुसरा ग्लास

दरवर्षी २६ जूनला, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थविरोधी दिनी, आमच्या महाविद्यालयात भित्तिपत्रक स्पर्धा होते आणि बहुतेक चित्रांत एक कवटी व एक सिरिंज असते. गांजाचा सिरिंजशी काही संबंध नाही हे चित्र काढणाऱ्या मुलांना ठाऊक असते आणि परीक्षक म्हणून बसलेल्या आम्हा शिक्षकांनाही. तरीही बक्षीस दिले जाते आणि विषय वर्षभरापुरता मिटतो.

दोन वर्षांपूर्वीच्या धुळवडीनंतर मला हे पुरेसे वाटेनासे झाले. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने मित्रांबरोबर भांगेची थंडाई घेतली. अर्धा तास काहीच जाणवले नाही, म्हणून त्याने दुसरा ग्लास रिचवला आणि पुढच्या तासाभरात दोन्ही ग्लास एकदमच अंगावर आले. छाती धडधडू लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि आपण आता मरणार अशी त्याची खात्री पटली. रुग्णालयात नेले तर पोलीस येतील, या भीतीने मित्र तीन तास दार लावून बसून राहिले. सुदैवाने तो सावरला. नंतर मला एवढेच म्हणाला, "मॅडम, थोडं थांब, लगेच दुसरा घेऊ नकोस, एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं."

ओढलेला गांजा काही मिनिटांत जाणवतो; पोटात गेलेली भांग किंवा गांजा घातलेला केक जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि अंमल बारा तासही टिकू शकतो. या एका वाक्याने त्या खोलीतले तीन तास कदाचित टळले असते. त्याच्या जोडीला मी आता आणखी काही गोष्टी सांगते. न घेणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे; मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून जितक्या लहान वयात आणि जितके वारंवार सेवन, तितका धोका अधिक; घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर याच्या वाटेला अजिबात जाऊ नये; दारूबरोबर घेऊ नये, आणि त्यानंतर स्कूटरची किल्ली हातात घेऊ नये.

कायद्याबाबतचे अज्ञान मात्र अधिक चमत्कारिक आहे. "एक किलोपर्यंत चालतं" असे मुले छातीठोकपणे सांगतात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविषयक कायद्याखाली गांजाचे १ किलो आणि चरसचे १०० ग्रॅम ही 'अल्प प्रमाणा'ची मर्यादा आहे खरी, पण ती शिक्षेची पायरी ठरवण्यासाठी आहे, परवानगी म्हणून नव्हे. अल्प प्रमाणातही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, नुसत्या सेवनासाठीही सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि या कायद्याखालचे सर्व गुन्हे अजामीनपात्र असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. नुसत्या पानांची भांग या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही; पण म्हणून ती महाराष्ट्रात मोकळी आहे असेही नाही, कारण तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. अंगझडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते, हेही मी सांगते. त्यावर एक सहकारी म्हणाले की, तुम्ही मुलांना पळवाटा शिकवता. कायद्यातच लिहिलेल्या हक्काला पळवाट म्हणणे मला पटत नाही.

आमची काही मुले पुढे कॅनडाला शिकायला जातात. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा जवळ बाळगता येतो, मात्र तो घेऊन देशाची सीमा ओलांडणे तिथेही गुन्हाच आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यांचा २०१७ चा एक छोटा कायदा: अंमली पदार्थाच्या अतिसेवनामुळे संकटात सापडलेल्यासाठी मदत मागवणाऱ्यावर केवळ पदार्थ जवळ असल्याचा आरोप ठेवला जात नाही. आपल्याकडे एनडीपीएस कायद्यात खटल्यापासून सूट देणारे कलम ६४-अ आहे, पण ते स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीसाठी. घाबरून फोन हातात धरलेल्या मित्राचा त्यात उल्लेख नाही.

यंदा होळीच्या आधी मी हे सारे एका तासात बोलले. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मित्राला घेऊन गेलो तर माझं नाव लिहून घेतील का?" घेऊ शकतील, असेच मला खरे उत्तर द्यावे लागले. मात्र मित्र शुद्धीवर येत नसेल, झटके येत असतील, छातीत दुखत असेल किंवा श्वास नीट चालत नसेल, तर आधी १०८ लावायचा, त्याला कुशीवर झोपवायचे, एकटे सोडायचे नाही आणि काय घेतले ते डॉक्टरांना जसेच्या तसे सांगायचे, हेही सांगितले. मग फळ्यावर १०८ लिहिले आणि त्याखाली माझा स्वतःचा क्रमांक.