घंटा आणि खिरापत

कोजागिरी जवळ आली आणि गावातल्या मुली खिरापतीचा झाकलेला डबा कानाशी धरून हलवू लागल्या की मला हटकून माझ्या अमेरिकेतील महाविद्यालयाची घंटा आठवते. दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावात भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि पुढचा महिनाभर मुली रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपल्यावर घरची बाई डबा पुढे करते, आणि त्यात शेंगदाणे आहेत, मुरमुरे आहेत की फुटाणे, हे आवाजावरून ओळखल्याशिवाय कोणाच्याही हातावर काही पडत नाही. मॅसॅच्युसेट्समधील साउथ हॅडली या लहान गावी, माउंट होल्योक या मुलींच्या महाविद्यालयात मी चार वर्षे शिकले. तेथील वर्षातला सर्वांत आवडता दिवसही असाच ओळखावा लागे.

त्या दिवसाला ‘माउंटन डे’ म्हणतात आणि ही प्रथा १८३८ पासून चालत आली आहे. पाने लाल-पिवळी होऊ लागली की वसतिगृहात आकाशाकडे पाहून अंदाज बांधणे सुरू होते, कारण तारीख आधी जाहीर केली जात नाही. एखाद्या स्वच्छ सकाळी घंटा वाजू लागतात आणि त्या दिवसाचे सगळे वर्ग रद्द होतात. पहिल्या वर्षी मला यातले काहीच ठाऊक नव्हते. रसायनशास्त्राच्या चाचणीसाठी रात्रभर जागून मी वही घेऊन निघाले होते आणि घंटा ऐकून कोठे आग लागली असावी असे वाटून जिन्यातच थांबले. शेजारच्या खोलीतील मुलीने माझ्या हातातली वही काढून घेतली आणि पायांत बूट घालायला सांगितले.

त्या दिवशी सगळ्या मिळून जवळच्या माउंट होल्योक डोंगरावर चढून जातात. त्याची उंची तीनशे मीटरच्या आतच आहे. मेळघाटातल्या माणसाने त्याला टेकडीच म्हटले असते, पण मी खारपाणपट्ट्यातली, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सखल भागातली, जेथे नजर पोहोचेल तेथपर्यंत सपाट काळी जमीन आणि त्यावर कपाशी नि तूर, एवढाच मुलूख मी पाहिलेला. त्यामुळे त्या चढाने माझा चांगलाच दम काढला. माथ्यावर आइस्क्रीम वाटले जात होते. तेथून खाली कनेक्टिकट नदीचे मोठे वळण आणि काठची शेते दिसली, तेव्हा आमच्याकडच्या पूर्णा नदीची आठवण येऊन मी बराच वेळ कोणाशी बोलले नाही.

हे महाविद्यालय मेरी लायन यांनी १८३७ मध्ये सुरू केले. त्यासाठी देणग्या गोळा करायला हिरव्या मखमलीची पिशवी घेऊन त्या गावोगाव फिरल्या आणि बायकांनी दिलेल्या अगदी किरकोळ रकमाही त्यांनी घेतल्या. फी कमी राहावी म्हणून सुरुवातीच्या विद्यार्थिनी स्वयंपाक आणि झाडलोट स्वतःच करीत. हे प्रथम ऐकले तेव्हा मला पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारी, अकरा रुपयांसाठी तीन चकरा मारणारी आमच्या महिला मंडळातील काकू डोळ्यांसमोर आली.

मला तेथे सर्वाधिक भावले ते मात्र कार्यक्रमांचे रूप नव्हे. त्याआधी ज्या महाविद्यालयात मी एक वर्ष काढले, तेथील स्नेहसंमेलनात माइक, पडदा आणि हिशेब मुलांकडे असे आणि आम्ही रांगोळी काढून पाहुण्यांना पुष्पगुच्छ देत असू. साउथ हॅडलीत शिडीवर चढून दिवे बांधणारी मुलगी, ध्वनियंत्रणा लावणारी मुलगी आणि खर्च जास्त झाला म्हणून भांडणारीही मुलगीच. वर्षारंभीच्या समारंभात प्रत्येक तुकडी आपापल्या रंगात येते. आमचा रंग हिरवा आणि चिन्ह ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे डोके व सिंहाचे धड असलेला प्राणी. रात्री अभ्यासाच्या मधे वसतिगृहात दूध-बिस्किटांसाठी सगळ्या जमत, त्याबद्दल तर स्वतंत्रच लिहावे लागेल.

पदवीदानाच्या आदल्या दिवशी लॉरेलच्या पानांची लांबच लांब माळ खांद्यांवर घेऊन पदवीधर मुलींची मिरवणूक निघते आणि ती माळ मेरी लायन यांच्या समाधीच्या कठड्याला गुंडाळली जाते. माजी विद्यार्थिनी आपापल्या तुकडीच्या वर्षाचा फलक धरून चालतात. त्यांतल्या काही काठी टेकत येतात. त्या दिवशी सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे असतात. माझ्या घरच्यांना येणे परवडणारे नव्हते, म्हणून मी दादरच्या दुकानातून मागवलेली पांढरी साडी नेसून काढलेला फोटो घरी पाठवला. रात्री आईचा फोन आला. अभिनंदन नाही, काही नाही; तिने पहिलाच प्रश्न केला, “पोरी, पांढरं काहून नेसली वं?” आमच्याकडे कोऱ्या कपाळाशी जोडलेला तो रंग मुलीच्या अंगावर पाहून तिच्या जिवाचे पाणी झाले होते. अमेरिकेत बायकांना १९२० साली मताचा अधिकार मिळाला, त्यासाठी लढणाऱ्या स्त्रिया मोर्चांत पांढरे कपडे घालीत आणि त्यांची आठवण म्हणून ही रीत पाळली जाते, हे मी तिला समजावून सांगितले. तिने फक्त हुंकार भरला.

आता तो फोटो आमच्या बैठकीत, घड्याळाच्या खाली लावलेला आहे. परवा भुलाबाईची गाणी म्हणायला आलेल्या मुलींपैकी एकीची नजर त्यावर गेली आणि ती काही विचारणार, तोच डब्याचे झाकण घट्ट धरून आई म्हणाली, “तिकडच्या बाया मत मांगाले पांढरं नेसत होत्या. आता सांगा, डब्यात काय हाय?”