एकाच टेबलावर कादंबरी आणि कोश

मंडळाच्या वार्षिक ग्रंथमेळाव्याची आठवण निघाली की आधी ती टेबलं डोळ्यांपुढे येतात. 'कादंबऱ्या', 'चरित्रं', 'विज्ञान' अशा पाट्या तिथे कधीच नसायच्या. पाटीवर एकच शब्द असायचा: समुद्र, आकाश, युद्ध, वानरं, दवाखाना. त्या शब्दाखाली कथा, कादंबरी, आत्मचरित्र, माहितीपर पुस्तक, नकाशासंग्रह, कोश असं सगळं शेजारी शेजारी मांडलेलं. कादंबरी शोधत आलेला माणूस दोन हात सरकला की आपोआप इतिहासाच्या पुस्तकाजवळ पोचायचा. या मेळाव्याची सगळी गंमत आणि सगळं काम त्या दोन हातांच्या अंतरात होतं.

ग्रंथालयाच्या कपाटात हे घडत नाही, आणि तिथे ते घडूही नये. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या, १८७६ साली आलेल्या ड्यूई दशांश पद्धतीत साहित्य ८०० मध्ये, विज्ञान ५०० मध्ये, इतिहास-भूगोल ९०० मध्ये. त्यामुळे समुद्रावरची कादंबरी ८०० च्या कपाटात, समुद्राच्या पाण्याची माहिती ५५१ मध्ये आणि सफरीचं वर्णन ९१० मध्ये जातं. वर्षभर पुस्तक नेमकं सापडायचं तर हीच शिस्त हवी. पण ज्याला समुद्र आवडतो त्याला या तीन कपाटांचं नातं कोण सांगणार? भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला एक सांगतो की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मेळाव्याच्या दोन दिवसांत कपाटांची शिस्त बाजूला ठेवायची ती याच नियमासाठी.

तयारी दोन महिने आधी सुरू व्हायची आणि पहिला वाद विषयांवरून व्हायचा. त्यातून हळूहळू एक पक्की गोष्ट लक्षात आली. विषय डोळ्यांना दिसणारा असावा. 'समुद्र' चालतो, 'रेल्वे' चालते, 'आजारपण' चालतं. 'प्रेरणा', 'मानवता', 'जीवनमूल्ये' हे विषय फसतात, कारण त्यांत कुठलंही पुस्तक बसवता येतं आणि मग टेबल कशाचंच राहत नाही. दुसरी कसोटी म्हणजे त्या विषयावर निदान पाच कथात्म आणि पाच कथेतर पुस्तकं हाताशी निघाली पाहिजेत. एखाद्या विषयावर माहितीची पुस्तकं ढीगभर आणि कादंबरी एकही नाही, असं झालं की तो विषय पुढच्या वर्षावर ढकलायचा. ओढूनताणून बसवलेली कादंबरी वाचकाला लगेच ओळखू येते.

मांडणीचं गणित साधं आहे. सहा फुटांचं टेबल म्हणजे ७२ इंच. आपल्याकडची बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची, साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. दोन पुस्तकांमध्ये दीड इंच जागा सोडली तर एका ओळीत दहा पुस्तकं बसतात. टेबल ३० इंच खोल असेल तर समोर दोन ओळी आडव्या आणि मागे एक ओळ उभी, अशी एकूण ३० पुस्तकं. त्याहून जास्त ठेवली की एकावर एक चढतात, मुखपृष्ठं झाकली जातात आणि खालच्या पुस्तकाला कुणी हात लावत नाही. या तिसांत साधारण बारा कथात्म, बारा कथेतर, चार मधली (धड कथाही नाही आणि नुसती माहितीही नाही अशी) आणि दोन संदर्भाची, म्हणजे एखादा कोश आणि एखादा नकाशासंग्रह. कथात्म डावीकडे आणि कथेतर उजवीकडे असं मात्र कधी ठेवायचं नाही. एक आड एक ठेवायची. दोन गट पाडले की वाचक आपल्या सवयीच्या गटापाशीच थांबतो आणि निम्मं टेबल न पाहताच पुढे जातो.

मधली पुस्तकं हा मराठीतला खास चर्चेचा भाग. ललित लेख कुठे टाकायचा? त्यात कल्पित काही नसतं, पण तो माहितीसाठीही लिहिलेला नसतो. त्याहून अवघड असते चरित्रात्मक कादंबरी. मराठी वाचकाचं तिच्यावर फार प्रेम, आणि त्या प्रेमापोटीच तिच्यातले संवाद खरे घडलेले म्हणून सांगितले जातात. दोन माणसं बंद खोलीत काय बोलली हे जिथे कुठल्याच कागदात नोंदलेलं नाही, तिथे लेखकाने ते रचलेलं असतं, आणि तो त्याचा हक्कच आहे. फक्त वाचकाला ते माहीत असायला हवं. म्हणून अशा प्रत्येक कादंबरीशेजारी त्याच काळावरचं एखादं इतिहासाचं पुस्तक किंवा बखर ठेवायचीच, हा नियम फार कसोशीने पाळला जायचा.

युद्धाच्या टेबलावरची जोडी तर ठरलेलीच असायची. एका बाजूला विश्वास पाटलांची १९८८ मधली 'पानिपत' कादंबरी, शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. कादंबरी माणसाला रणांगणात उभं करते. शेजवलकर त्याला जरा मागे नेऊन घटनांची कारणं तपासायला लावतात. दोन्ही वाचलेला माणूस १४ जानेवारी १७६१ बद्दल वेगळंच बोलतो, घाईने कुणा एकाला दोष देत नाही. वानरांच्या टेबलावर व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर'. वानरांच्या टोळीतल्या सत्तासंघर्षाची ही छोटी कादंबरी, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. तिच्या शेजारी त्यांचंच जंगलातल्या अनुभवांचं 'नागझिरा', आणि वानरांच्या वर्तनावरचं एखादं निरीक्षणपर पुस्तक. नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या पिल्लांचं काय होतं, हे संशोधकांनी धारवाड आणि अबूच्या परिसरात वर्षानुवर्षं पाहून नोंदवलेलं आहे. कादंबरी वाचून हादरलेला वाचक त्या नोंदी आपणहून मागायचा.

आकाशाच्या टेबलावर जयंत नारळीकरांसाठी सगळ्यांत सोपी जागा होती, कारण ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकटेच पुरतात. 'यक्षांची देणगी'तल्या विज्ञानकथा, 'आकाशाशी जडले नाते'मधलं खगोलशास्त्र आणि 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र. एकाच लेखणीतून आलेली कल्पना, माहिती आणि आठवण. नवख्या वाचकाला मिश्र वाचनाची सुरुवात करून द्यायची तर याहून चांगला रस्ता नाही. लेखक ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे प्रकार बदलला तरी वाचक बिचकत नाही.

प्रत्येक पुस्तकासोबत एक परिचयपट्टी असायची, पोस्टकार्डाएवढी, हाताने लिहिलेली. शब्द चाळीस ते पन्नास. त्यात तीनच गोष्टी: पुस्तक कशाबद्दल आहे, कुठून सुरू करावं, आणि हे आवडलं तर याच टेबलावरचं पुढचं कोणतं घ्यावं. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढायला सक्त मनाई होती, कारण तिथे प्रत्येक पुस्तक अप्रतिमच असतं. पट्टी लिहिणाऱ्याने निदान पहिली ५० पानं वाचलेली असावीत ही अट. 'कुठून सुरू करावं' ही ओळ सगळ्यांत मोलाची. कादंबरी पहिल्या पानापासूनच वाचावी लागते. माहितीपर पुस्तकाला तशी सक्ती नाही. अनुक्रमणिका उघडायची, ज्या प्रकरणाचं नाव बोलावतं ते आधी वाचायचं, मग प्रस्तावना, मग वाटलं तर सगळं. कितीतरी वाचक माहितीचं पुस्तक सोडतात ते पहिल्या प्रकरणातल्या व्याख्या आणि पूर्वपीठिका ओलांडता येत नाही म्हणून. 'तिसऱ्या प्रकरणापासून वाचा' एवढ्या तीन शब्दांनी अशी पुस्तकं हलायची.

कथेतर पुस्तक टेबलावर घेण्याआधी आतल्या पानावरचं साल बघायचं. इथे एक बारीक फरक आहे आणि तो नव्या कार्यकर्त्यांना दर वर्षी समजावून सांगावा लागायचा. 'पुनर्मुद्रण २०१५' याचा अर्थ मजकूर जुनाच, फक्त पुन्हा छापलेला. 'सुधारित आवृत्ती २०१५' याचा अर्थ मजकुरावर हात फिरवलेला. खगोलशास्त्राच्या पुस्तकात ही परीक्षा पटकन घेता येते. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून ऑगस्ट २००६ मध्ये वगळलं गेलं. पुस्तकात नऊ ग्रह असतील तर मजकूर त्याआधीचा, मग वर कुठलंही साल छापलेलं असो. अशी पुस्तकं काढून टाकायची असं नाही. भाषा चांगली असेल तर ठेवायची आणि पट्टीवर जुन्या माहितीची सूचना लिहायची. औषधोपचार आणि कायद्याची जुनी पुस्तकं मात्र बिनदिक्कत बाजूला. तिथे शिळी माहिती माणसाचं नुकसान करू शकते. कादंबरीला असं साल चिकटत नाही, आणि दोन्ही प्रकार शेजारी ठेवल्यावर हा फरक मुलांनाही न सांगता कळायचा.

संध्याकाळच्या जोडवाचनाची आठवण आजही निघते. एकाच विषयावरचे दोन उतारे, एक कादंबरीतला आणि एक खऱ्या हकिकतीतला, नाव न सांगता लागोपाठ वाचायचे आणि खरा कोणता ते ऐकणाऱ्यांनी ओळखायचं. उतारा २५० शब्दांचा, म्हणजे सावकाश वाचला तर दोन-सव्वादोन मिनिटं. त्याहून लांबला की ऐकणाऱ्यांना पहिला उतारा आठवत नाही. निवड करताना दोन गोष्टी टाळायच्या. संवाद असले की कादंबरी उघडी पडते, तारखा असल्या की इतिहास. म्हणून दोन्हीकडून नुसतं वर्णन घ्यायचं: वाट, पाऊस, गर्दी, आग. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मधला उतारा हमखास फसवायचा. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकलेल्या, झाशीचा वेढा आतून पाहिलेल्या माणसाची ही हकिकत १९०७ साली छापली गेली. ती इतकी जिवंत की निम्मी सभा तिला कादंबरी म्हणायची. उत्तर सांगितल्यावर जो गलका व्हायचा त्यातच त्या पुस्तकाच्या सगळ्या प्रतींची नावनोंदणी होऊन जायची. वाचणाऱ्याने मात्र दोन्ही उतारे एकाच सुरात वाचायला हवेत. कादंबरीत आवाज चढवला आणि हकिकतीत सपाट ठेवला की खेळ संपला. म्हणून दोन्ही उतारे एकाच माणसाकडे द्यायचे आणि आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून घ्यायचे.

पुस्तकं घरी न्यायची ती जोडीने, एकाच टेबलावरची एक कथात्म आणि एक कथेतर, मुदत २१ दिवसांची. सुरुवातीच्या मेळाव्यांत कादंबरी वाचून व्हायची आणि दुसरं पुस्तक न उघडताच परत यायचं. जाडी हे त्याचं मुख्य कारण. ६०० पानांच्या कादंबरीसोबत ५०० पानांचं चरित्र दिलं तर २१ दिवसांत ते होणार कसं? पुढे जोडीत एक तरी पुस्तक १५० पानांच्या आतलं असावं असं ठरलं, आणि कथेतर पुस्तकातलं एकच प्रकरण वाचलं तरी चालेल असं तोंडी सांगितलं जाऊ लागलं. ही मोकळीक मिळाल्यावर दुसरी पुस्तकं खरंच उघडली गेली.

प्रत्येक पुस्तकात एक कोरी चिठ्ठी असायची. वाचक कुठल्या पानावर थांबला तो आकडा तिच्यावर लिहायचा, नाव नाही. या चिठ्ठ्यांनी जे शिकवलं ते कुठल्याही अभिप्रायवहीने शिकवलं नाही. अभिप्रायवहीत सगळे 'छान' लिहितात. चिठ्ठीवरचे आकडे बोलके असतात. एका पुस्तकाच्या चिठ्ठीवर ४१, ४३, ४० असे आकडे आले की त्या पानांवर काहीतरी जड आहे हे समजायचं. कधी आकडेमोड, कधी नावांची लांबलचक वंशावळ. मग पुढच्या वर्षीच्या पट्टीवर लिहायचं: 'पान ३८ ते ५२ आधी सोडा, शेवटी वाचा.' कादंबऱ्यांत आकडे विखुरलेले असायचे, कारण तिथे जो तो आपापल्या कारणाने थांबतो.

ने-आणीबद्दल थोडंसं. खोकं पंधरा किलोच्या वर भरू नये, साध्या बांधणीची पन्नासेक पुस्तकं त्यात मावतात. पुस्तकं आडवी किंवा कणा खाली करून ठेवावीत. उघडती कड खाली ठेवली तर पानांचं वजन बांधणीला ओढतं आणि पुस्तक पुठ्ठ्यातून सुटतं. टेबल खिडकीच्या उन्हात लावू नये, मुखपृष्ठाचे रंग उडतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि खालची अक्षरं घेऊन निघते. खळ आणि पातळ कागद पुरतो.

मेळावा संपला की ज्यांना कुणीच उचललं नाही अशा पुस्तकांची वेगळी यादी व्हायची. त्यांतली चांगली पुस्तकं बहुतेकदा चुकीच्या टेबलावर गेलेली असायची. मिठाच्या इतिहासावरचं पुस्तक समुद्राच्या टेबलावर जहाजांच्या गर्दीत पडून राहिलं. तेच पुढे 'स्वयंपाकघर' या टेबलावर, एका मोठ्या कुटुंबाच्या कादंबरीशेजारी ठेवलं तेव्हा पहिल्याच दिवशी गेलं. तीन वेगवेगळ्या विषयांखाली ठेवूनही कुणी घेतलं नाही तरच पुस्तक कपाटात परत जायचं. त्याची परिचयपट्टी मात्र आतच राहू द्यायची, म्हणजे वर्षभरात कपाटापाशी कुणी ते उघडलंच तर कुठून सुरू करायचं हे त्याला कळेल.