तुम्ही विचारलेत म्हणून: आदाम त्या दिवशी मेला कुठे?

नाताळच्या फराळाला आलेले शेजारी असोत की तुरीच्या सोंगणीत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भाकर खायला बसलेले सोबती असोत, एक प्रश्न मला कित्येक वर्षांपासून हमखास विचारला जातो. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात ख्रिस्ती घरे मोजकीच असल्यामुळे तो बहुधा माझ्याच वाट्याला येतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, देव पहिल्या माणसाला, आदामाला, बजावतो की बऱ्यावाइटाचे ज्ञान करून देणाऱ्या झाडाचे फळ ज्या दिवशी तू खाशील त्या दिवशी तू खास मरशील. आदाम आणि त्याची बायको हव्वा ते फळ खातात आणि पाचव्या अध्यायात तेच पुस्तक सांगते की आदाम ९३० वर्षे जगला. मग तुमचा देव खोटे बोलला की काय?

हा प्रश्न खोडसाळ नाही. मन लावून ऐकणाऱ्यालाच तो सुचतो. दुसऱ्या शतकातील ईरेनियस या धर्मगुरूने दिलेल्या उत्तरांपैकी एक असे की, देवाच्या लेखी हजार वर्षे एका दिवसासारखी आहेत आणि आदामाने हजारी गाठली नाही, म्हणजे तो त्याच ‘दिवशी’ मेला. हिशेब जुळतो, तरी माझे त्याने कधी समाधान झाले नाही, कारण त्यातून मरणाची वेळ कळते, मरण म्हणजे काय ते कळत नाही. मूळ हिब्रूत ‘मरणे’ हे क्रियापद त्या वाक्यात जोडीने दोनदा येते. तो जोर मराठीत ‘खास’ या शब्दावर आला आहे. एवढ्या जोराने सांगितलेली गोष्ट ९३० वर्षे लांबणीवर पडली, असे मला वाटत नाही. ती त्याच संध्याकाळी घडली.

कशी घडली, हे मला पुस्तकापेक्षा घरात आधी कळले. धुऱ्याच्या वादावरून थोरल्या भावाने भर अंगणात मला म्हटले होते, “आजपासून तू मले मेला.” धुरा मी सरकवला होता, दोन तासांएवढा, म्हणजे पिकाच्या दोन ओळींएवढा, आणि ते त्यालाही ठाऊक होते व मलाही. त्यानंतरची चार वर्षे मी जेवलो, सरकी लावली, मुलीचे लग्न केले, रविवारी तालुक्याच्या चर्चमध्ये गाणीही म्हटली. मात्र विहिरीच्या वाटेवर तो समोरून दिसला की मी कपाशीच्या पऱ्हाटीत शिरत असे. पऱ्हाटी जेमतेम कमरेएवढी. तिच्यात माणूस लपत नाही, हे कळत असूनही मी खाली वाकून बोंडे चाचपत राही.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात नेमके हेच आहे. फळ खाल्ल्यावर ती दोघे अंजिराची पाने शिवून अंग झाकतात आणि संध्याकाळच्या वाऱ्यात देवाची चाहूल लागताच झाडांत दडून बसतात. देव विचारतो, “तू कोठे आहेस?” उत्तर देताना आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, आणि ‘जी स्त्री तू मला दिलीस’ असे म्हणून देवाकडेही. ज्याच्या सहवासात तो जगत होता त्याच्यापुढे तोंड दाखवायला आता त्याला जागा उरली नव्हती. ख्रिस्ती श्रद्धेत आध्यात्मिक मरण म्हणतात ते हेच. ऑगस्टीन या धर्मपंडिताने (३५४–४३०) ते सूत्रात बसवले: आत्मा सोडून गेला की शरीर मरते, तसा देव सोडून गेला की आत्मा मरतो. ख्रिस्ताचा प्रेषित पौलही इफिसकरांस, म्हणजे इफिस शहरातील ख्रिस्ती लोकांना, लिहिताना चालत्याबोलत्या माणसांनाच ‘तुम्ही आपल्या पापांमुळे मृत होता’ असे म्हणतो.

तुरीवर बुरशीमुळे मर रोग येतो तेव्हा फुलोऱ्यातले झाड काही दिवस हिरवेच दिसते. खोड विळ्याने उभे चिरले की सालीखाली काळपट तपकिरी रेघ मुळापासून वर गेलेली असते. पाण्याची वाट बंद झालेली असते, फक्त पानांना ते अजून समजलेले नसते. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते. म्हणून आदामाच्या चुकीची शिक्षा आम्हाला का, असे कोणी विचारले की मला ते रान आठवते. येथे ख्रिस्ती परंपराही एकमुखी नाहीत. ऑगस्टीनच्या वाटेने गेलेली पश्चिमेकडील मंडळी मानतात की आदामाचा दोषही आपल्याकडे येतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळींच्या मते दोष ज्याचा त्याचा, वारशाने येते ते मरण आणि बिघडलेला स्वभाव. पाळण्यातले लेकरू दोषी आहे असे माझ्या तोंडून निघणार नाही. पण ते निरोगी रानात पेरले गेले आहे असेही मला म्हणता येत नाही. दोन तासांच्या जमिनीसाठी माझा हात कसा गेला, ते मी पाहिले आहे.

चार वर्षांनी भाऊच माझ्या दारात आला. चूक माझी होती, जायला मी हवे होते, रोज ठरवतही होतो, आणि मला जाता आले नाही. मेलेल्याला स्वतःहून उठता येत नाही, हे चर्चमध्ये शंभरदा ऐकलेले वाक्य त्या रात्री मला पहिल्यांदा उमगले. ख्रिस्ताच्या दृष्टांतातील बापही घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाला परतताना दुरून पाहून धावत जातो आणि म्हणतो की हा माझा मुलगा मेला होता. तो मुलगा तर घराबाहेरच्या त्या काळात डुकरे चारत होता, जिवंत होता.

मागच्या पंधरवड्यात एका काकांनी पुढचे विचारले: मग देवाने त्या दोघांना तसेच हाकलून दिले? तसे नाही, काका. ती दोघे राहत होती त्या बागेबाहेर काढण्याआधी त्याने त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे केली आणि ती त्यांना घातली. ते चामडे कोठून आले, हे उत्पत्तीत लिहिलेले नाही. पण जनावर मेल्याशिवाय चामडे निघत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.